डिरेक्टरीत शोधलेलं माहेर

वाचनालयात दोन गोष्टी आपोआप साठतात. लोकांनी विसरलेल्या छत्र्या आणि लोकांनी सांगितलेले किस्से. छत्र्या निदान कुणी गरजू आला तर देऊन टाकता येतात, किस्स्यांचं काय करायचं? ते पडूनच राहतात. मी शहापुरातल्या एका वाचनालयात वीसेक वर्षं ग्रंथपाल होते. त्यातले सगळ्यात जास्त किस्से माझ्याकडे एकाच कपाटातून आले, आणि गंमत म्हणजे त्या कपाटात एकही गोष्टीचं पुस्तक नव्हतं. होत्या त्या जुन्या डिरेक्टऱ्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. चहा पावडर विकत गावोगाव फिरणारे एक सेल्समन वारले. त्यांच्या सुनेने एक पत्र्याची ट्रंक पाठवली आणि निरोप दिला, "पोथ्या आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." ट्रंक उघडली तर आत जिल्ह्याच्या व्यापारी डिरेक्टऱ्या, मुंबईच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि कुठल्या कुठल्या मंडळांच्या सभासद-सूची. गाव, धंदा, नाव, पत्ता. बास.

आमचे चिटणीस म्हणाले, "बाई, रद्दीत घाला. यात वाचायचं काय? नुसती नावंच नावं."

मी म्हटलं, "निवडणूक आली की मतदार यादी तुम्ही बोट ठेवून ठेवून वाचता. त्यात काय कादंबरी असते?"

तेव्हापासून त्यांनी त्या कपाटाचं नाव काढलं नाही.

*

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते भोईर गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, रोज दुपारी मागच्या टेबलावर पेपर वाचायला येणारे. एक दिवस सहज डिरेक्टरी चाळत बसले आणि एका पानावर थबकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

'शहापूर' या गावाखाली, 'डॉक्टर व वैद्य' या सदरात, त्यांच्या वडिलांचं नाव छापलेलं होतं!

आता गुरुजींचे वडील भातशेतीवाले, चौथी शिकलेले. काविळीवर कसला तरी पाला वाटून द्यायचे, रविवारी दारात पाच-सहा माणसं यायची, एवढाच त्यांचा दवाखाना.

"हे छापलं कोणी?" गुरुजी विचारायला लागले.

उत्तर दिलं पांडूतात्यांनी. तात्या म्हणजे रिटायर्ड पोस्टमन. शहापूर, मुरबाड, दोन्ही तालुके पायाखाली घातलेला माणूस. तेही दुपारचे आमच्याच टेबलावर असत. तात्या म्हणाले, "तो डिरेक्टरीवाला ठाण्यावरनं यायचा. यस्टीतून उतरला की स्टँडवरच्या हॉटेलात बसायचा. उन्हाचं कोन फिरतंय? हॉटेलवाल्याला इचारायचा, हितं डॉक्टर कोन, सोनार कोन, वकील कोन. तो सांगल ते ह्यो लिवनार. अख्खं शहापूर त्या हॉटेलवाल्याच्या तोंडातनं छापलंय."

गुरुजींनी पानाची झेरॉक्स काढली आणि घरी नेऊन बायकोला दाखवली. त्या माउलीने पान निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तरीच. मामंजींनी लिहिलेली चिठ्ठी वाण्याला कधी वाचता आली नाही."

*

गुरुजींच्या वडिलांची बातमी गावात पसरली आणि लोक यायला लागले. कुणाला आजोबांचं दुकान बघायचं होतं, कुणाला शेजाऱ्याच्या आजोबांचं दुकान नव्हतं हे सिद्ध करायचं होतं. मी, गुरुजी आणि तात्या, आमचं तिघांचं एक खातंच तयार झालं म्हणा ना. मी पुस्तक काढायची, गुरुजी वाचायचे आणि तात्या सांगायचे की यातलं खरं किती.

एका बाजाराच्या दिवशी जनीबाय आली. किन्हवलीच्या पुढे एका वाडीत राहणारी, साठीकडे झुकलेली. रानभाज्या घेऊन बाजाराला यायची आणि आमच्या पायरीशी सावलीला बसायची. त्या दिवशी पाटी बाहेर ठेवून सरळ आत आली.

"ताई, तुमच्या बुकात मानसं सापडतात म्हनं. माझं माहेर सापडल का?"

गुरुजींनी पेन काढलं. "गाव कुठलं?"

"तेच तर नाय म्हाईत."

"आडनाव?"

"नाय म्हाईत."

"वडिलांचं नाव?"

"आमी बापूसच बोलायचो."

गुरुजींनी पेन परत खिशाला लावलं.

मग तिने बसून सगळं सांगितलं. आईबाप कोळशाच्या भट्टीवर कामाला होते. जंगलात लाकडं रचून, वरून माती लिंपून कोळसा पाडायचा, ते काम. वाडीतली माणसं घरदार बंद करून सहा सहा महिने तिकडे जात. ही चार-पाच वर्षांची असेल. आई भट्टीवरच तापाने गेली. बापाने तिला किन्हवलीकडच्या एका जोडप्याच्या हवाली केलं, येतो म्हणून गेला आणि आला नाही. त्या जोडप्याने तिला वाढवली, लग्न करून दिलं; त्यांना मूलबाळ नव्हतं आणि आता ती दोघंही गेली होती. माहेरच्या तीनच गोष्टी तिच्याजवळ होत्या. आईचा चेहरा, भट्टीच्या मालकाला सगळे 'लंगडा शेट' म्हणायचे हे, आणि वाढवणाऱ्या बाईने एकदा म्हटलेलं, "तू टोकावड्याच्या अंगाची," म्हणजे त्या बाजूची.

"आणि आता इतक्या वर्षांनी माहेर कशाला हवंय?" मी विचारलं.

"मी मेल्यावर माहेरचं लुगडं कोन आननार?"

आमच्याकडे बाई गेली की शेवटी तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा, तोही नसला तर भावकीतलं कुणी. जनीबायची जाऊ वर्षापूर्वी गेली तेव्हा तिच्या माहेरचे सात जण आले होते. ते बघितल्यापासून हिच्या जिवाला घोर लागला होता.

"सासरचंच घालून पाठवली तर मी कुठनं आलीच नाय असं व्हतं ना, ताई."

माझं माहेर मुरबाडला. दर दिवाळीला भाऊ साडी घेतो आणि दर दिवाळीला मी तिच्या रंगावरून नाक मुरडते. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. मी तिला म्हटलं, "शोधूया." शोधायचं कसं, ते मात्र मला अजिबात माहीत नव्हतं.

*

डिरेक्टरीवर किती विश्वास ठेवायचा हे आम्हाला त्याच सुमारास कळलं, डोंबिवलीच्या एका गृहस्थांमुळे. बँकेत नोकरी, शनिवारी अर्धा दिवस मिळाला की कुळाचा इतिहास शोधत फिरायचे. त्यांच्याकडे वंशवृक्षाची गुंडाळी होती. टेबलावर उलगडली की दोन्ही टोकांना डिक्शनरी ठेवावी लागायची.

मूळ पुरुष शहापूरचा, बैलगाडीने माल वाहणारा. डिरेक्टरीत त्यांना नोंद मिळाली होती, 'मेसर्स सोन्या-मान्या, मालवाहतूक, शहापूर'. हे दोघे पणजोबांचे आतेभाऊ असणार असं त्यांनी ठरवलं आणि वृक्षाच्या एका फांदीवर दोघांना सुबक अक्षरात बसवलं.

तात्यांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "सायेब, ही हितल्या एका गाडीवानाच्या बैलांची नावं."

"बैल?"

"हॉटेलवाल्याला इचारलं असनार, माल कोन वाहतो. तो बोलला असंल, सोन्या आनि मान्या. गाडीवान तर गाडीत झोपलेला असायचा."

गृहस्थांनी त्या फांदीवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पंचाईत झाली हो. पणजोबांना दोन बहिणी होत्या, त्यांचे नवरे कोण ते सापडत नव्हतं. मी त्यांची लग्नं यांच्याशी लावली आहेत."

*

टोकावड्याचा शोध घ्यायचा म्हणून आम्ही त्या बाजूचं मिळेल ते काढून बसलो. त्यात एका मंडळाची सभासद-सूची होती, अलीकडची, टेलिफोन नंबर असलेली. नेमकी तीच कल्याणहून येणारी, एम.ए. करणारी एक मुलगी आधी वाचून गेली होती. विषय 'ग्रामीण भागातील कुटुंबपद्धती'. हुशार पोर, भराभर टिपणं काढायची.

महिन्याने ती प्रबंधाचं प्रकरण दाखवायला घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की टोकावडे परिसरात अजून एकत्र राहण्याची पद्धत भक्कम आहे. इतकी, की वेगवेगळ्या आडनावांची अकरा कुटुंबं एकाच घरात राहतात. पुरावा म्हणून सगळ्यांचा एकच टेलिफोन नंबर दिला होता.

मी तिला नंबरापुढची दोन अक्षरं दाखवली, पी.पी. म्हणजे फोन एका दुकानदाराचा. बाकीच्यांना त्याने हाका मारून बोलवायचं. लग्नपत्रिकेवर, बायोडेटावर, सगळीकडे गावाचा तोच नंबर. हिच्या घरी जन्मापासून स्वतःचा फोन, हिला पी.पी. कुठून ठाऊक असणार?

मुलीचा चेहरा उतरला. "मॅडम, चॅप्टर गाईडकडे गेलाय. आता मी सरांना काय सांगू?"

तात्या म्हणाले, "सांग, घर मोठं होतं."

*

आणि एक किन्हवलीचे बाळू शेठ. पन्नाशीला टेकलेले, पिठाची गिरणी चालवणारे. त्यांच्या वडिलांनीच ती गिरणी घातली होती. गिरणीत वडिलांचा फोटो लावायचा होता आणि खाली 'डिरेक्टरीत नोंद असलेली जुनी गिरणी' असं लिहायचं होतं. शेजारी नवी गिरणी निघाली होती, तिच्यावर जरा वजन पडावं म्हणून.

गुरुजींनी किन्हवलीचं पान काढलं. गिरणी होती, पण वडिलांचं नाव नव्हतं. नावाच्या जागी छापलं होतं, 'बाळूचे वडील, पिठाची गिरणी'.

ही पुढची आवृत्ती, त्यात डिरेक्टरीवाला खरंच गावोगाव फिरलेला दिसतो. किन्हवलीला गेला तेव्हा बाळूचे वडील शेतावर असणार. गिरणीवर आई. मालकाचं नाव काय, असं विचारल्यावर ती बाई नवऱ्याचं नाव कशी घेणार? ती म्हणाली असेल बाळूचे वडील, त्याने तसंच उतरवून घेतलं आणि छापखान्यानेही निमूट छापलं.

बाळू शेठ आधी हिरमुसले. मग त्यांनी हिशेब केला आणि ताठ बसले. "म्हंजे गुरुजी, तवा मी पाच वर्सांचा असनार. एवढ्या वयात डिरेक्टरीत नाव आलेला तालुक्यात दुसरा कोन हाय का बघा बरं."

गुरुजींनी खरोखर अर्धा तास शोधलं. दुसरा कोणी नव्हता.

*

जनीबाय दर बाजाराला डोकावून विचारायची, "गावलं का?" टोकावडे मुरबाड तालुक्यातलं, म्हणून शेवटी आम्ही त्या तालुक्याच्या पानांवर 'लाकडी कोळसा' हे सदर काढलं. नऊ व्यापारी होते. लंगडा कोण ते अर्थातच छापलेलं नव्हतं. मी ठरवलं, नऊ जणांच्या पत्त्यावर नऊ कार्डं टाकायची. व्यापारी गेले असले तरी मुलं-नातवंडं असतील.

पण विचारायचं कसं? गुरुजींनी मजकूर केला, "आपल्या कै. आजोबांच्या पायांची प्रकृती कशी असे, हे कृपया कळवावे."

तात्या म्हणाले, "ह्याला काय अर्थ हाय? सरळ लिवा ना, लंगडत होते का."

दोघांचं जुंपलं. शेवटी मी माझ्या मनाने लिहिलं, "आपल्या आजोबांच्या पायाला काही दुखापत होती काय?" आणि खाली जनीबायची हकिगत दोन ओळींत.

चार उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, "धंदा आता बंद आहे, तरी कोळसा किती पोती हवा ते कळवा, व्यवस्था करू." दुसऱ्याने चिडून लिहिलं, "आमचे आजोबा सत्तराव्या वर्षी पायी त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. त्यांना लंगडे म्हणणाऱ्याचे नाव कळवा." तिसरा बिचारा भला माणूस होता. त्याने लिहिलं, "आजोबांचे पाय धडधाकट होते. परंतु चुलत आजोबा एका डोळ्याने अधू होते. चालेल काय?"

चौथं कार्ड मुरबाडचं. "होय. आजोबांचा डावा पाय आखूड होता. लोक त्यांना लंगडा शेटच म्हणत. टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या कडेला आमची भट्टी होती. कामाला बहुतेक जवळच्या वाडीतली माणसं असत." पुढे वाडीचं नाव.

मी ते जनीबायला वाचून दाखवलं. तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, परत माझ्याकडे दिलं आणि बाहेर जाऊन भाजीवर पाणी मारत बसली. थोड्या वेळाने दारातून विचारलं, "कंदी जायाचं?"

*

गेलो आम्ही. मी, तात्या आणि जनीबाय. दोन एस.ट्या बदलून टोकावड्याला उतरलो, एका धाब्यावर चहा घेतला आणि पुढे तासभर पायी. जनीबायने नव्या बांगड्या भरल्या होत्या आणि वाडीतल्या पोरांसाठी गोळ्यांचा पुडा घेतला होता. वाटेत चारदा तरी म्हणाली, "नाय बोलले तर आपन लगेच निघू."

वाडी पंधरावीस घरांची. माणसं जमली. सगळ्यात वयस्क म्हणजे कमळूबाबा, सत्तरीच्या पुढचे. तात्यांनी सगळी हकिगत सांगितली, मी कार्ड वाचून दाखवलं. लंगडा शेट म्हटल्यावर दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मग सगळे कमळूबाबांकडे बघायला लागले. जनीबाय मान खाली घालून उभी होती.

कमळूबाबा जागचे उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हात थरथरत होता. तिच्या मनगटाला धरून म्हणाले, "माझी बहीन भट्टीवर गेली ती परत आलीच नाय. एवढीशी होती." मग सुनेकडे वळून, "पानी आन गो. बाय उन्हाची आलीय."

जनीबाय इतकी रडली की मलाही आवरेना. तात्या पलीकडे जाऊन विनाकारण बूट झटकत होते.

निघताना सुनेने घरातलं एक कोरं लुगडं काढून तिच्या ओटीत घातलं. ते स्वतःच्या मुलीसाठी आणलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. परतीच्या एस.टी.त जनीबाय ते मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरने विचारलं, "बाजार केला काय मावशी?" ती म्हणाली, "नाय. भावाकडनं येते."

त्यानंतर दर भाऊबीजेला ती तिकडे जायची. एखाद वर्षी कमळूबाबाच तांदळाची पिशवी घेऊन इकडे यायचे.

*

हे असंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण माझा स्वभाव. जुनं पुस्तक दिसलं की उघडल्याशिवाय मला राहवत नाही.

तीन-चार वर्षांनी माहेरी गेले असताना मुरबाडच्या एका धान्याच्या दुकानात, दुकान आवरताना माळ्यावरून एक इंग्रजी डिरेक्टरी निघाली. स्वातंत्र्याच्या आधीची. आमच्याकडची सगळी त्यानंतरची. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ताई." मी एस.टी.तच उघडली. लंगड्या शेटचं नाव होतं, धंदा कोळसा. पण भट्टीचा पत्ता टोकावड्याचा नव्हता. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूचा होता. शेट टोकावड्याकडे गेला तो नंतर कधीतरी.

आणि जनीबायने मला सांगितलेलं होतं, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा किन्हवलीच्या शाळेत लाडू वाटले आणि ती शाळेत जात नव्हती तरी एका मास्तरांनी खिडकीतून तिला एक दिला. म्हणजे तेव्हा ती किन्हवलीकडे येऊन राहिलेली होती. तिची आई गेली ती डोळखांबकडच्या भट्टीवर. कामाला माणसं जवळच्या वाडीतली, तेव्हा टोकावड्याच्या वाडीशी तिचा काही संबंध असण्याचं कारणच नव्हतं; वाढवणाऱ्या बाईने शेट पुढे तिकडे गेला म्हणून हिलाही त्या अंगाची धरलं असणार.

मी टेबलावर पान ठेवलं. गुरुजी म्हणाले, "सांगायला हवं. इतिहास म्हणजे इतिहास. आपण चूक केली, आपणच दुरुस्त करायची."

तात्या भडकले. "इतिहास काय तिला लुगडं आननार हाय?"

आठवडाभर दोघं एका टेबलावर बसून एकमेकांशी बोलत नव्हते. मला जेवण जाईना. ज्या बाईला आपण माहेर दिलं तिच्या हातातून ते काढून घ्यायचं, आणि नाही सांगितलं तर तिला फसवत राहायचं. शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

ती भाजीच्या जुड्या बांधत होती. हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय, ताई."

"काय माहीत आहे?"

"माझ्या आयसच्या हनवटीवर गोंदलेलं होतं, कपाळावर पन. आमच्यातल्या सगल्या बायांच्या असायचं. त्या वाडीत पाय ठेवला तवाच बघितलं, एकाबी म्हातारीच्या हनवटीवर गोंदन नाय. ती आमची मानसं नव्हंत."

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस?"

"त्या बाबाची बहीन गेली ती आलीच नाय. इतकी वर्सं वाट बघतोय. हात कसा थरथरत होता बघितलास ना? त्याला कसं सांगू, मी ती नाय म्हनून?"

मी म्हटलं, "डोळखांबकडे जाऊन बघूया का?"

"आता नको. एका बाईला दोन माहेरं कुठं असतात?" जुडी बांधून झाली, ती पाटीत ठेवली आणि माझा हात धरला. "पन ताई, ह्ये त्याला कंदी बोलू नको. शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. गुरुजींना आणि तात्यांनाही घ्यायला लावली. गुरुजींनी जरा कुरकुर केली, पण घेतली.

*

जनीबाय गेली त्याला आता काही वर्षं झाली. सकाळी गेली. तिच्या मुलाने मला निरोप पाठवला आणि टोकावड्याला पी.पी.वर फोन केला. वाडीतली बायामाणसं अंगणात बसून होती. कुणीतरी म्हणालं, "ऊन चढतंय, किती थांबायचं?" मुलगा म्हणाला, "मामा येनार."

दुपारी आले. ऐंशीच्या घरातला म्हातारा, दोन पुतण्यांच्या खांद्यांवर हात ठेवून, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं. हिरवं, कोरं. बायकांनी ते तिच्या अंगावर घातलं. तिच्या आधी गेलेल्या जावेसाठी सात माणसं आली होती, हिच्यासाठी अकरा आली. मी मोजली.

सगळं आटोपल्यावर मी कमळूबाबांना चहा नेऊन दिला आणि त्यांच्याजवळ बसले. शपथ माझ्या लक्षात होती. तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पण स्वभाव जात नाही. डिरेक्टरीतल्या लंगड्या शेटच्या पानाच्या कडेला जनीबायचं आणि बाबांच्या त्या हरवलेल्या बहिणीचं नाव पेन्सिलने लिहावं असं माझ्या मनात होतं, म्हणून एवढंच विचारलं, "बाबा, तुमच्या बहिणीला लहानपणी काय नावाने हाक मारायचे हो?"

"माझ्या बहिनीला? सुंदरी."

"आणि ती भट्टीवर गेली तेव्हा केवढी होती?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. जनीबायचा मुलगा लांब उभा होता.

"ती कुठं भट्टीवर गेली, ताई? घरातच तापानं मेली. माझ्या मांडीवर."

"मग त्या दिवशी तुम्ही..." मी म्हटलं.

"मग काय करू? ती बाय एवढ्या लांबनं दारात येऊन उभी रायली. तुमी शिकलेली मानसं संगती, हातात कागद. सगली माझ्या तोंडाकडं बघतात. तिला नाय कसं म्हनायचं?" कमळूबाबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "पन तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाय हां मी."